इमारत रिकामी होताना मांजरांचं काय करायचं?

मुंबई-ठाण्यात आणि आता पुण्यातही जुनी इमारत पाडून नवी बांधणं हा नित्याचा व्यवहार झाला आहे. त्याची एक रुळलेली पद्धत आहे. सर्वसाधारण सभेत ठराव होतो, निविदा निघतात, विकसकाशी करार होतो. दरमहा भाडं, कॉर्पस, सामान हलवण्याचे पैसे, जागा रिकामी करण्याची तारीख असं सगळं कागदावर येतं. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खाली सरकारने ३ जानेवारी २००९ला काढलेले आणि ४ जुलै २०१९ला सुधारलेले निर्देश याच व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी आहेत. सभासदांच्या तक्रारी कितीही असोत, माणूस कुठे जाणार, किती काळ राहणार आणि परत कुठे येणार याचा विचार झालेला असतो. त्याच आवारात मीटरच्या खोलीत, पंपाच्या आडोशाला, जिन्याखालच्या अडगळीत राहणाऱ्या पाच-दहा मांजरांचा विचार मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात, टेम्पो दाराशी लागल्यावर सुरू होतो. अशा मांजरांना हलवता येतं, पण शेवटच्या आठवड्यात येत नाही, हे माझं या लेखातलं म्हणणं आहे. हे काम करारावर सह्या होतात तेव्हाच सुरू करावं लागतं, प्रत्येक मांजराचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यातल्या बहुतेकांसाठी योग्य जागा दूरचं फार्महाऊस नसून शेजारच्या इमारतीची भिंत असते.

ही मांजरं कोण असतात ते आधी पाहायला हवं. ती घरची नसतात आणि रानटीही नसतात. ताटलीचा आवाज आला की धावत येतात, ठरावीक बाईच्या पायांत घोटाळतात, पण हात लावू गेलं की दोन पायऱ्या मागे सरतात. एखादी तिसऱ्या मजल्यावरच्या पायपुसण्यावर झोपते, एखादा बोका फक्त रात्री दिसतो. या फरकाचं मूळ त्यांच्या बालपणात आहे. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून दिसलं की मांजराचं पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या काळात माणसाच्या हातात खेळलं, तर ते पुढे माणसाला आपलं मानतं. तो काळ जिन्याखाली, माणसापासून लपून गेला, तर मोठेपणी कितीही मासळी घातली तरी भीती पूर्ण जात नाही. त्यामुळे एकाच आवारातल्या दोन सख्ख्या बहिणींपैकी एक मांडीवर बसणारी आणि दुसरी कायम अंतर राखणारी निघू शकते. ‘सोसायटीची मांजरं’ असा सरसकट विचार करून केलेली कोणतीही योजना इथेच चुकते. पहिलीला नव्या घरात नेता येईल. दुसरीला बंद फ्लॅटमध्ये ठेवलं तर ती पलंगाखालून बाहेर येणार नाही आणि दार उघडं सापडलं त्या दिवशी निघून जाईल.

कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत आली आहेत. पोत्यात घालून दोन गावं पलीकडे सोडलेलं मांजर आठवड्याने परसात हजर झाल्याच्या हकिकती कोकणात आणि देशावर घरोघरी ऐकायला मिळतात. या हकिकतींना आधार आहे. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांनी १९२२ साली मांजरांच्या घरी परतण्याच्या क्षमतेवर एक लेख प्रसिद्ध केला. त्यात पिल्लं असलेल्या एका मांजरीला वेगवेगळ्या दिशांना काही मैल दूर नेऊन सोडलं होतं आणि ती पुन्हा पुन्हा पिल्लांकडे परतली. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडात डेटोना बीचजवळ हरवलेली हॉली नावाची मांजरी सुमारे दोन महिन्यांनी, जवळजवळ २०० मैल दूर असलेल्या आपल्या गावात मरणोन्मुख अवस्थेत सापडली, तेव्हा ती बातमी जगभर झाली. पण असं क्वचित घडतं म्हणूनच त्याची बातमी होते. रोजचं वास्तव वेगळं आहे. रोलंड केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस यंत्रं बांधली आणि २०२० साली निष्कर्ष मांडले. बहुतेक मांजरं आपला सारा वेळ घरापासून १०० मीटरच्या आत घालवत होती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१८ साली हरवलेल्या १,२१० मांजरांचा मागोवा घेतला. त्यांतली ६१ टक्के वर्षभरात सापडली, आणि सापडलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश मांजरं हरवल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच होती.

या आकड्यांचा आपल्या प्रश्नाशी सरळ संबंध आहे. मांजराचं जग लहान असतं आणि ते फार बारकाईने ओळखीचं झालेलं असतं. कुठल्या भिंतीला फट आहे, कुठला कुत्रा कोणत्या वेळी येतो, कोणत्या बोक्याची हद्द कुठे संपते, पावसात कोरडी राहणारी जागा कोणती, हे सगळं त्याने वर्षानुवर्षं शिकलेलं असतं आणि गाल, पंजे, मूत्र यांच्या वासाने त्यावर खुणा केलेल्या असतात. अशा मांजराला एकदम तीन किलोमीटरवर नेऊन सोडलं तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर ते जवळच्या पहिल्या आडोशात घुसून बसतं, दिवसेंदिवस खात नाही आणि स्थानिक मांजरांच्या, कुत्र्यांच्या तावडीत सापडतं. किंवा परत निघतं. परत निघालं तर मध्ये हमरस्ते आहेत, रेल्वेचे रूळ आहेत. त्यातून पोचलंच, तर जिथे पोचायचं तिथे पत्रे ठोकलेले असतात आणि आत पोकलेन चालू असतो. भेदरलेलं मांजर आवाजापासून दूर पळण्याऐवजी ओळखीच्या बिळात, म्हणजे पाडायच्या इमारतीतच, आणखी खोल शिरतं. म्हणून ‘मांजर हुशार असतं, त्याचं ते बघून घेईल’ हे वाक्य पाडकामापुरतं तरी खरं नाही. एरवी ते पुष्कळ अंशी खरं असतं, पण मांजराची हुशारी त्याच्या जागेच्या माहितीवर उभी असते आणि इथे ती जागाच नाहीशी होत असते.

अशा वेळी लोक काय करतात? काही जण मांजरं तशीच सोडून जातात. काही जण रात्री पोत्यात भरून मासळी बाजारात नेऊन सोडतात; तिथे खायला भरपूर मिळेल हा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा आहे, कारण जिथे खायला भरपूर आहे तिथे मांजरंही भरपूर असतात. नवख्या मांजराला तिथे अन्नापर्यंत पोचूच दिलं जात नाही, आणि दाटीतल्या भांडणांतून व संसर्गातून पॅनल्यूकोपेनियासारखे जीवघेणे आजार पसरतात. तिसरा मार्ग सगळ्यांत प्रेमाने निवडला जातो: कुणाच्या तरी गावच्या घरी किंवा कर्जत-मुरबाडकडच्या फार्महाऊसवर सोडणं. मोकळी हवा, उंदीर, झाडं, सगळं आहे असं वाटतं. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के, आणि त्याखालोखाल पाळीव मांजरांचा निघाला. शहरातल्या मांजराला बिबट्याची ओळख नसते. शिवाय अशा रानाच्या कडेला वाघाटीसारखी छोटी रानमांजरं राहतात, ज्यांना आपल्या मांजरांचे रोग लागू शकतात, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात. म्हणजे हा मार्ग मांजरालाही वाईट आणि रानालाही वाईट.

कायद्याच्या नजरेतही हे ‘सोडणं’ निरुपद्रवी नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११मध्ये, भूक-तहानेने यातना होतील अशा परिस्थितीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय टाकून देणं हा गुन्हा मानला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये आहे, त्यामुळे त्याचा धाक कुणालाच नाही. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मात्र एक महत्त्वाची गोष्ट केली. कुणाच्याही मालकीचे नसलेले पण वस्तीत राहणारे प्राणी त्यांनी ‘समुदायाचे प्राणी’ मानले आणि त्यांच्या खाण्याची सोय करण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवर, गृहसंस्थेवर किंवा स्थानिक संस्थेवर टाकली. ही जबाबदारी इमारत उभी असेपर्यंत सोसायटीची, आणि इमारत रिकामी झाली की कुणाचीच नाही, असं मानायला मला आधार दिसत नाही. सोसायटी ही संस्था पाडकामाने विसर्जित होत नाही. तिचे सभासद, तिचं बँक खातं, तिची कार्यकारिणी सगळं चालू राहतं.

इटलीने याहून पुढचं पाऊल ३५ वर्षांपूर्वी उचललं. १४ ऑगस्ट १९९१च्या तिथल्या राष्ट्रीय कायद्याने मोकळ्या राहणाऱ्या मांजरांना छळण्यास मनाई केली आणि नसबंदी करून त्यांना त्यांच्याच गटात परत सोडण्याची जबाबदारी सरकारी पशुवैद्यकीय सेवेवर ठेवली. रोमच्या ऐन मध्यात, तोर्रे अर्जेंतिनाच्या उत्खननात, त्यामुळेच आजही मांजरं राहतात. अमेरिकेत १९९०पासून काम करणारी ‘ॲली कॅट अलाईज’ ही संस्था मोकळ्या मांजरांच्या बाजूने लढते, पण स्थलांतर हा शेवटचा पर्याय समजा असं तीही बजावते. मांजरांवर प्रेम करणारेच हे सांगत आहेत, म्हणून त्याला वजन आहे.

मग शक्य असेल तिथे पहिला पर्याय कोणता? शेजारची भिंत. ज्या मांजराचं जग १०० मीटरचं आहे, त्याच्यासाठी लगतच्या सोसायटीचं मागचं आवार हे नवं गाव नसतं. त्याचा काही भाग त्याने आधीच पाहिलेला असतो. खाण्याची जागा दररोज थोडी थोडी त्या दिशेला सरकवत नेली तर मांजरं ताटलीमागे जातात. हलवण्यासाठी कुणालाही पकडावं लागत नाही. पण याला आठवडे लागतात, वेळ आणि माणूस एकच ठेवावा लागतो, आणि शेजारच्या सोसायटीची संमती लागते. ती संमती मिळण्याची एकच खात्रीची वाट आहे: मांजरांची नसबंदी आधीच झालेली असणं. मांजरीचा गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा आणि पिल्लं तिच्या दुधावर आणखी जवळजवळ तेवढाच काळ, त्यामुळे जागा रिकामी करण्याच्या निदान चार-पाच महिने आधी नसबंदी उरकली नाही, तर नेमकी पाडकामाच्या वेळी माळ्यावर पिल्लं सापडतात. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. भोवती तोडफोड सुरू झाली की ती खरोखरच त्यांना एकेक करून हलवू लागते आणि मधली पिल्लं ढिगाऱ्यात राहतात. मुंबईत महापालिकेने मांजरांच्या नसबंदीचा कार्यक्रम हाती घेतलेला आहे आणि अनेक स्वयंसेवी संस्थाही हे काम करतात. अडचण असते ती तारीख वेळेवर घेण्याची.

काही मांजरं मात्र न्यावीच लागतात. आजूबाजूला जागाच नसेल, शेजारी बांधकामं एकाच वेळी चालू असतील, किंवा एखादं म्हातारं, आजारी, एकाच माणसाच्या हातून खाणारं मांजर असेल, तर ते त्या माणसाबरोबर गेलेलं बरं. इथेही पद्धत ठरलेली आहे आणि तिचा गाभा म्हणजे कोंडून ठेवण्याचा काळ. आधी पिंजरा आवारात उघडा ठेवून त्यात खाणं द्यायचं, म्हणजे पिंजऱ्याची भीती मोडते. पकडण्याच्या दिवशी खाणं थांबवून मासळीचा तुकडा आत ठेवायचा, आणि दार पडताक्षणी पिंजऱ्यावर चादर टाकायची. अंधारात मांजर पुष्कळ शांत होतं. पोत्यात भरणं, मानेला धरून उचलणं, हातांनी पकडायची धडपड करणं यातून चावे आणि ओरखडे निघतात आणि माणसाला रेबीजच्या लसीसाठी धावावं लागतं. पकडलेल्या मांजराला थेट पशुवैद्याकडे नेऊन तपासणी, लसीकरण आणि उरली असेल तर नसबंदी करून मगच नव्या जागी न्यावं. तिथे एका शांत खोलीत किंवा जाळी लावलेल्या बाल्कनीत, मोठ्या पिंजऱ्यात, दोन ते तीन आठवडे ठेवायचं. आत त्याचं जुनं पोतं न धुता ठेवायचं, मातीच्या ट्रेमध्ये जुन्या आवारातली मूठभर माती मिसळायची, आणि एक पुठ्ठ्याचा खोका द्यायचा. या खोक्याला कमी लेखू नये. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या क्लाउडिया विंके यांनी २०१४ साली निवाराघरातल्या मांजरांवर केलेल्या प्रयोगात, लपायला खोका मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांत खोका नसलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळला. रोज त्याच वेळी, त्याच आवाजाने हाक मारून खाणं द्यायचं. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना बोलवावं, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं. नव्या जागेचे आवाज, वास आणि हाकेनंतर येणारं अन्न यांची सांगड बसली की मगच, सकाळी नव्हे तर खाण्याच्या वेळेच्या जरा आधी, भुकेल्या पोटी दार उघडायचं.

याला पहिला आक्षेप असा घेतला जातो की मोकळ्या जिवाला तीन आठवडे कोंडणं हीच क्रूरता आहे. ताण होतो हे खरं आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण केसलर आणि टर्नर यांनी १९९७ साली बोर्डिंगमध्ये ठेवलेल्या १४० मांजरांचं दोन आठवडे निरीक्षण केलं, तेव्हा ताण पहिल्या काही दिवसांत झपाट्याने आणि पुढे हळूहळू उतरत गेला. ती घरची मांजरं होती, अर्धवट माणसाळलेल्यांना अधिक वेळ लागेल हे गृहीत धरायला हवं. तरीही तीन आठवड्यांच्या उतरत्या ताणाची तुलना मोकळ्या आकाशाशी करून चालणार नाही; ती करायची आहे अनोळखी गल्लीत पहिल्याच रात्री हरवण्याशी. आणि एखादं मांजर पिंजऱ्यात आठवडाभर स्वतःला जखमा करून घेत असेल, तर ते स्थलांतराला योग्य नव्हतं असाच त्याचा अर्थ घ्यावा. म्हणून आधीच निवड करा, सगळी नेऊ नका, हे मी पुन्हा पुन्हा म्हणतो आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोकळी मांजरं पक्षी मारतात. अमेरिकेत दरवर्षी १.३ ते ४ अब्ज पक्षी मांजरांमुळे मरतात असा अंदाज २०१३ साली लॉस, विल आणि मारा यांनी मांडला. मग पुनर्विकास ही मांजरं कायमची काढून टाकण्याची संधी का मानू नये? काही ठिकाणी मांजरं काढलीच पाहिजेत, हे मला मान्य आहे. न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर पाइपिंग प्लोव्हर या दुर्मीळ पक्ष्याची घरटी आहेत. तिथली मांजरं बंदिस्त निवाऱ्यात हलवण्याची तडजोड २०१८ साली न्यायालयीन दाव्यातून झाली आणि ती योग्यच होती. पण दादरच्या किंवा सदाशिव पेठेच्या आवारात धोक्यातल्या पक्ष्याची वसाहत नसते, आणि तिथून मांजरं उचलून ‘निसर्गात’ सोडणं हे पक्ष्यांच्या दृष्टीने नेमकं उलटं पाऊल आहे. नुसतं उचलण्याने संख्या कमी होते असंही नाही. टास्मानियात लेझनबी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, थोडी थोडी रानटी मांजरं मारत राहिल्यावर त्या भागातली मांजरांची संख्या घटण्याऐवजी वाढलेली आढळली, कारण मोकळ्या झालेल्या जागी बाहेरची मांजरं येत राहिली. पक्ष्यांची काळजी असणाऱ्यांना आणि मांजरांची काळजी असणाऱ्यांना एकच गोष्ट हवी आहे: नवी पिल्लं जन्मू नयेत. ते नसबंदीने होतं.

‘माणसांचेच हाल चाललेत, तुम्हाला मांजरांचं सुचतं’ हा तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत जास्त ऐकू येतो. संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं अडकलेल्या कुटुंबांचं दुःख मोठं आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मांजरांसाठी जे मागितलं जातं आहे ते त्या कुटुंबांच्या ताटातून येत नाही. ते विकसकाच्या वेळापत्रकातले काही आठवडे आणि करारातल्या एक-दोन ओळी आहेत. उलट, मांजरांची व्यवस्था न झाल्याने जिवाची घालमेल होते ती बहुधा याच कुटुंबांतल्या एखाद्या आजींची, ज्या विरारला भाड्याच्या घरी राहायला गेल्यावरही दोन गाड्या बदलून पत्र्याच्या फटीतून मासळीची डोकी टाकायला येतात. हेही माणसांचेच हाल आहेत.

परतीचाही प्रश्न आहे, आणि त्याकडे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी ४० मजली इमारती उभ्या राहत आहेत. १९२०च्या दशकात बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळीची गॅलरी आणि पटांगण हे मांजरांच्या दृष्टीने एकच सलग अंगण होतं. टॉवरमध्ये खाली पार्किंगचे पोडियम, वर लिफ्ट. ज्या मांजरांना वर न्यायचं, त्यांच्यासाठी खिडक्यांना आणि बाल्कनीला पक्की जाळी आधी हवी. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात १९८४ साली पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली होती. त्यांतली बहुतेक वाचली, पण छाती, जबडा आणि पाय मोडून. ज्यांना वर नेता येत नाही, त्यांच्यासाठी नव्या आराखड्यातच मागच्या बाजूला, गाड्यांच्या वाटेपासून दूर, खाण्याची एक कोरडी जागा राखता येते. आराखडा कागदावर असतानाच हे बोलावं लागतं.

तेव्हा ज्यांच्या सोसायटीत यंदा पुनर्विकासाचा ठराव येणार आहे, त्यांना एक विनंती. आवारातल्या मांजरांची फोटोंसह यादी करा. प्रत्येकापुढे हात लावू देतं की नाही, नसबंदी झाली की नाही आणि कोण खाऊ घालतं ते लिहा. ती यादी सभेपुढे ठेवा. विकसकाशी होणाऱ्या करारात दोन ओळी घालून घ्या: पाडकाम सुरू करण्याआधी इमारतीची मजल्यामजल्याने तपासणी होईल, आणि जागा रिकामी झाल्यापासून पाडकामापर्यंत सोसायटीने नेमलेल्या एका व्यक्तीला रोज आत जाऊ दिलं जाईल. नसबंदीची तारीख करारावर सह्या होतील त्याच महिन्यात घ्या.